काळोखातली खरखर आणि सॉफ्टवेअरचा अंदाज

दक्षिण कोकणातल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. नेपथ्य म्हणावे तर एक बाकडे आणि मागचा पडदा. त्यामुळे अमुक जत्रेत अमुक रात्री नाटक कसे झाले, कोणाच्या डोक्यावर कोणता मुकुट होता, तोंडाला रंग कसा लावला होता, हे पुढच्या पिढीला सांगणारी साधने थोडीच आहेत. जाणत्यांच्या आठवणी, अलीकडची ध्वनिचित्रमुद्रणे आणि फोटो.

हे फोटो काढायचे ते रात्रीच. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाची पालखी फिरून आली की रात्री उशिरा पायपेटी, मृदंग आणि झांजांचा आवाज उठतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. एके काळी पलिते होते, मग पेट्रोमॅक्स आले, आता ट्यूबलाइट आणि एलईडी आहेत. प्रेक्षकाला उजेड भरपूर वाटतो. कॅमेऱ्याला तो अजूनही तुटपुंजाच असतो. फोटो मोठा करून पाहिला की काळ्या कापडावर रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते, चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखी वाटते. फोटोग्राफर याला ‘नॉइज’ म्हणतात. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागले नाही की जी खरखर ऐकू येई, तिचीच ही डोळ्यांना दिसणारी बहीण. म्हणून या लेखात मी तिला खरखरच म्हणणार आहे.

गेली काही वर्षे मी दशावताराचे फोटो काढतो आणि त्यांचा संग्रह करतो. हातात कॅमेरा घेतलेली नवी मुले भेटली की एक प्रश्न हमखास येतो : खरखर घालवायला कुठले सॉफ्टवेअर सगळ्यांत चांगले? या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येत नाही. खरखर काढणारे प्रत्येक सॉफ्टवेअर अंदाज करते. अंदाज कशाच्या आधारावर करायचा, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. कोणाचा अंदाज चालेल हे फोटोचे पुढे काय करायचे आहे त्यावर ठरते. एवढे समजले की नावे आपोआप जागेवर बसतात.

खरखर येते कुठून?

खरखर म्हणजे कॅमेऱ्याने चित्रावर उडवलेली धूळ, असा समज आहे. धूळ असती तर पुसून खालचे स्वच्छ चित्र मिळाले असते. प्रत्यक्षात बरीचशी खरखर प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश सुट्या कणांनी येतो, ही कल्पना आइन्स्टाइनने १९०५ साली मांडली. हे कण, म्हणजे फोटॉन, पावसाच्या थेंबांसारखे येतात. अंगणात एकसारख्या शंभर वाट्या मांडल्या आणि पावसाची एक हलकी सर येऊन गेली, तर प्रत्येक वाटीत थेंब सारखे पडत नाहीत. कुठे सात, कुठे बारा. सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या.

या कमीजास्तीचा हिशेब सोपा आहे. सरासरी जितके कण येतात, त्याच्या वर्गमूळाइतका चढउतार होतो. एका पिक्सेलमध्ये सरासरी १०,००० कण मोजले गेले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. डोळ्याला तो कळतही नाही. १०० कण आले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. ९ कण आले तर चढउतार ३ चा : एकतृतीयांश!

आता हे आकडे जत्रेत घेऊन जाऊ. मंदिरापुढच्या रंगमंचावर मला साधारणपणे एफ/२.८, १/२५० सेकंद आणि आयएसओ १२,८०० अशी मांडणी करावी लागते. याचा अर्थ तिथला उजेड दुपारच्या कडक उन्हाच्या सुमारे दोन हजारावा हिस्सा असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरवर, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात, अशा वेळी रंगवलेल्या गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ भागातल्या एका पिक्सेलमध्ये ढोबळमानाने ४०० कणांची नोंद होते. संकासुराच्या काळ्या वेषावर तीच नोंद दहाच्या खाली येते. म्हणून एकाच फोटोत चेहरा बरा आणि संकासुर खरखरीत. त्यात सेन्सरवरची नोंद वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची थोडी खरखर मिसळते. आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांत ती एकदोन इलेक्ट्रॉनांइतकी कमी असते. पण मूळ नोंदच नऊची असेल तर दोनही जाणवतात.

यातून एक गैरसमज दूर होतो. आयएसओ वाढवल्याने खरखर येते असे सगळे म्हणतात. आयएसओ वाढवणे म्हणजे आलेली नोंद मोठी करून दाखवणे. खरखर उजेड कमी पडल्यामुळे आलेली असते; आयएसओ ती फक्त दिसण्याजोगी करते. खरखरीच्या भीतीने आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी येऊन तो उजळायचा, यात काही लाभ नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत उलट तोटाच होतो.

आणखी एक गोष्ट. सेन्सरवरचा पिक्सेल स्वतः रंग ओळखत नाही. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यानुसार अर्ध्या पिक्सेलांवर हिरवी, पाव पिक्सेलांवर तांबडी आणि पाव पिक्सेलांवर निळी गाळणी असते. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे साध्या डिजिटल फोटोतसुद्धा रंगांच्या तीन आकड्यांपैकी दोन अंदाजाचे असतात. शेजारीच खरखरीत असतील तर चूक एका ठिपक्यात राहत नाही, आजूबाजूला पसरते आणि तांबडेनिळे डाग तयार होतात.

आधी उजेड, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी फुकटात मिळणारा उजेड घ्यायला हवा. एफ/२.८ ऐवजी एफ/१.८ ची स्वस्त ५० मिलिमीटर लेन्स लावली तर जवळजवळ अडीच पट उजेड आत येतो. १/२५० ऐवजी १/६० सेकंद चालत असेल तर चौपट उजेड मिळतो आणि खरखरीचे प्रमाण निम्म्यावर येते. दशावतारात हे शक्य असते. गिरकी संपते, नट पवित्रा घेऊन क्षणभर थांबतो, मृदंगाची थाप पडते. नाटक पाहून पाहून हा क्षण आधी कळू लागतो.

आपल्याकडच्या विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंदप्रखर होतात. १/२५० सारख्या वेगाला कधी फोटो काळवंडतो, कधी त्यावर आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले तर एक पूर्ण फेरा पकडला जातो आणि पट्टे टळतात. हे पट्टे खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जात नाहीत.

तिसरी गोष्ट रॉ फाइलची. जेपेग फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपल्या मताने खरखर काढून, चित्राला धार देऊन, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवलेल्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि सेन्सरची नोंद बरीचशी जशीच्या तशी असते. सॉफ्टवेअरला ही मूळ नोंद मिळाली तर खरखरीचा हिशेब गणिताप्रमाणे जुळतो. जेपेग दिली तर ते एकदा गाळलेले पाणी पुन्हा गाळत बसते. आजची बरीच उत्तम सॉफ्टवेअर आपले मुख्य काम रॉ फाइलवरच करतात. ज्याच्याकडे फक्त जेपेग आहे, त्याने सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी कॅमेऱ्यातली रॉची सोय चालू करावी.

अंदाजाच्या तीन रीती

पहिली रीत शेजाऱ्यांना विचारण्याची. ठिपका शेजाऱ्यांहून फार वेगळा असेल तर तो खोटा समजायचा आणि सरासरी घ्यायची. यात खरखरीबरोबर बारकावेही जातात, चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा होतो. कडा वाचवायच्या म्हणून तोमासी आणि मंदुची यांनी १९९८ मध्ये एक सुधारणा सुचवली : जवळ असलेल्या आणि रंगानेही जवळच्या असलेल्या पिक्सेलांचीच सरासरी घ्यावी. फोटोच्या साध्या सॉफ्टवेअरमधली सरकपट्टी बहुधा या घराण्यातली असते.

या सरकपट्ट्या दोन असतात, एक रंगाच्या खरखरीची आणि एक उजेडाच्या खरखरीची. माणसाचा डोळा रंगातले बारीक फरक टिपण्यात कच्चा आणि उजेडातले फरक टिपण्यात पक्का असतो. म्हणून रंगाची खरखर सढळ हाताने काढली तरी चित्र बिघडत नाही. उजेडाची काढताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. अ‍ॅडोबीच्या लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडली की रंगाची पट्टी २५ वर आणि उजेडाची शून्यावर असते, त्याचे कारण हेच. पुष्कळ फोटोंना एवढेच पुरते.

दुसरी रीत त्याच फोटोत इतरत्र शोधण्याची. पैठणीच्या काठावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. एका ठिकाणची नक्षी खरखरीत असेल तर तशाच दिसणाऱ्या वीस तुकड्यांची सरासरी घेतली की खरखर आपसांत मिटते आणि नक्षी उरते. बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये ‘नॉन-लोकल मीन्स’ या नावाने ही कल्पना मांडली. फिनलंडमधल्या ताम्पेरे येथील संशोधकांनी २००७ मध्ये ‘बीएम३डी’ ही तिची अधिक समर्थ आवृत्ती दिली. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही रीत आहे आणि सोबत अनेक कॅमेऱ्यांची, कोणत्या आयएसओला किती खरखर होते याची मोजमापेही आहेत. नीट इमेज हे जुने सॉफ्टवेअर फोटोतल्याच एखाद्या सपाट भागावरून खरखर मोजते.

या रीतीला धोका एकच : सारखे दिसणारे सारखे असेलच असे नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण फोटोग्राफीबाहेरचे आहे. २०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळांचे आकडे बदलत होते. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजत होते आणि एका आकड्याच्या जागी दुसरा बसवत होते. प्रत स्वच्छ होती, अक्षरे ठळक होती, म्हणून कोणाला शंका येत नव्हती.

तिसरी रीत शिकलेल्या यंत्राची, जिला आता सरसकट एआय म्हणतात. संगणकाला खरखरीत आणि स्वच्छ अशा चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवायच्या आणि पहिल्यावरून दुसरे ओळखायला शिकवायचे. २०१८ साली ‘लर्निंग टू सी इन द डार्क’ या शोधनिबंधासाठी चेन आणि सहकाऱ्यांनी अंधारात काढलेल्या ५,०९४ रॉ फोटोंचा संग्रह केला. त्यांतल्या प्रत्येक फोटोला त्याच दृश्याचा जास्त वेळ उजेड घेतलेला स्वच्छ जोडीदार होता. पुढे हे तंत्र बाजारात आले. फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीचे डीपप्राइम २०२० मध्ये आणि अ‍ॅडोबीचे डीनॉइज २०२३ मध्ये आले. टोपाझची सॉफ्टवेअरही याच वर्गातली. डीपप्राइमसारखी सॉफ्टवेअर बायरच्या जाळीतून रंग काढणे आणि खरखर घालवणे ही दोन्ही कामे एकत्र करतात. त्यामुळे चूक पसरण्याआधीच आवरली जाते. परिणाम खरोखर थक्क करणारा असतो. दहा वर्षांपूर्वी बाजूला टाकलेल्या रॉ फाइली आज छापण्याजोग्या होतात.

पहिली रीत माहिती गमावते. दुसरी रीत फोटोतलीच माहिती फिरवून वापरते. तिसरी रीत दुसऱ्या कोणाच्या फोटोंतून शिकलेले इथे आणते. ती शिकली ती केस, पिसे, पाने, भिंती, चेहरे यांवर. त्या शिकवणीत दशावतारी मुकुट किती आले असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मण्यांचा हिशेब

हा फरक कागदावर बारीक वाटतो. त्याचे वजन मला एका मुकुटामुळे कळले. एका दशावतारी कंपनीचा जुना मुकुट मोडला. पुठ्ठ्यावर मणी आणि आरशाचे तुकडे बसवलेला, तीन पिढ्या वापरलेला. करणारा कधीच वारला होता. मालकांना तसाच नवा हवा होता आणि माझ्याकडे तो मुकुट घातलेल्या राजाचे फोटो होते. नवा मुकुट करायला घेतलेल्या कारागिराने आधीच सांगून ठेवले, ‘‘माका मणी मोजूचे आसत. दिसाक बरो फोटो नको.’’

ही चांगलीच कसोटी होती. राजा बाकड्यावर बसून बोलत असताना मी लागोपाठ सहा फ्रेम घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन फ्रेम घेऊन मी तिन्ही रीतींच्या सॉफ्टवेअरमधून वेगवेगळ्या काढल्या. पहिल्या रीतीत मण्यांची ओळ एक सोनेरी पट्टी झाली. दुसऱ्या रीतीत ओळ धूसर, पण अकरा मण्यांपर्यंत मोजता येण्यासारखी होती. पुढे सावलीत काही कळत नव्हते. तिसऱ्या रीतीत, पट्टी पूर्ण जोरावर ठेवल्यावर, ओळ अखेरपर्यंत लखलखीत दिसली. मात्र एका फ्रेममध्ये मणी चौदा होते आणि सेकंदाच्या अंशाने नंतर घेतलेल्या दुसऱ्या फ्रेममध्ये पंधरा. मागे बसलेल्या मृदंगवाल्याच्या शालीवरही दोन फ्रेममध्ये दोन नक्ष्या उमटल्या होत्या, दोन्ही पटण्यासारख्या.

या तपासणीतून एक साधी परीक्षा हाती लागते, जी कोणालाही घरी करता येईल. न हललेल्या वस्तूच्या लागोपाठ दोन फ्रेम घ्याव्यात आणि दोन्हींवर तेच सॉफ्टवेअर, त्याच जोराने, स्वतंत्रपणे चालवावे. खरखर दर फ्रेमला नव्याने पडते. वस्तू तीच राहते. म्हणून जो बारकावा दोन फ्रेममध्ये वेगवेगळा दिसतो, तो सॉफ्टवेअरने खरखरीतून घडवलेला आहे हे नक्की. उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. दोन्हींत सारखे दिसले म्हणजे ते खरेच, असे म्हणता येत नाही, कारण शिकलेली सवय दोन्ही वेळा तीच चूक करू शकते. त्यासाठी दुसरी परीक्षा : रंगपटात नट तोंडाला रंग लावत असताना, बल्बच्या जवळच्या उजेडात, मुकुट, दागिने आणि वेष यांचे कमी आयएसओचे फोटो काढून ठेवावेत. रात्रीच्या फोटोतून सॉफ्टवेअरने काय काढले ते या फोटोंशी ताडून पाहता येते. मी आता हे फोटो प्रत्येक वेळी काढतो.

मण्यांचे पुढे असे झाले, की मी सहाही फ्रेम एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी घेतली. फ्रेमची संख्या जितकी, तिच्या वर्गमूळाने खरखर कमी होते. सहा फ्रेमनी ती जवळजवळ अडीच पट घटते. इथे अंदाज नाही, सहा वेळा जमवलेला खरा उजेड आहे. तेरा मणी मोजता आले. सावलीतला उरलेला भाग कारागिराने मोडक्या मुकुटावरच्या डिंकाच्या खुणा पाहून भरला. एआयने दिलेला देखणा फोटो मालकांनी कंपनीच्या जाहिरातीसाठी नेला. दोन्ही फोटो आपापल्या जागी कामाला आले.

आजचे मोबाइल रात्री बरे फोटो काढतात त्यामागेही मुख्यतः हीच युक्ती आहे. बटण दाबले की फोन भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो आणि सरासरी काढतो. बसलेल्या राजाचा फोटो त्यामुळे चांगला येतो. गिरकी घेणाऱ्या राक्षसाचा येत नाही.

पुरावा आणि शोभा

मण्यांची गोष्ट लहान आहे. मोठी गोष्ट न्यायालयात घडली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीच्या न्यायालयात, २०२४ साली एका हत्येच्या खटल्यात बचाव पक्षाने मोबाइलवरचे चित्रण एआय सॉफ्टवेअरने स्पष्ट करून पुराव्यादाखल मांडले. न्यायाधीशांनी ते स्वीकारले नाही. प्रत्यक्ष काय टिपले गेले ते दाखवण्याऐवजी तिथे काय असावे असे यंत्राला वाटते ते असे सॉफ्टवेअर दाखवते आणि ते कोणत्या रीतीने, हे बाहेरून तपासता येत नाही, असा त्यामागचा विचार होता. फोटोच्या आधारे बेडूक वा पतंग ओळखणाऱ्या अभ्यासकालाही हा विचार लागू आहे. अंगावरच्या ठिपक्यांवरून जात ठरत असेल तर ठिपके कोणी ठेवले हे कळायलाच हवे.

म्हणून एआय वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. जत्रेच्या प्रदर्शनात भिंतीवर लावायचा मोठा फोटो, मासिकाचे मुखपृष्ठ, नटाला द्यायची आठवण, या सगळ्यांसाठी मी तेच वापरतो. फक्त पट्टी पूर्ण जोरावर नेत नाही. निम्म्यावर ठेवली की थोडी खरखर उरते, त्वचा त्वचेसारखी राहते आणि कारागिरी उघडी पडत नाही.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाकडे. सॉफ्टवेअर निवडताना मी पुढच्या क्रमाने विचार करतो.

पहिले, खरखर काढायला हवी आहे का? ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा फोटो मोबाइलवर पाहण्यासाठी १,५०० बाय १,००० चा केला, तर सोळा पिक्सेलांचा एक पिक्सेल होतो आणि खरखर आपोआप चौथ्या हिश्शावर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या फोटोसाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण नाही. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयला छापायचे तर सुमारे २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. तिथेही २४ मेगापिक्सेलचा फोटो आखडलेलाच असतो. पडद्यावर शंभर टक्के मोठा करून दिसणारी खरखर छपाईत दिसेलच असे नाही.

दुसरे, फोटो शोभेसाठी की नोंदीसाठी? नोंदीसाठी असेल तर पहिल्या दोन रीतींपैकी एक, सौम्य, आणि शक्य तिथे अनेक फ्रेमची सरासरी. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतात. त्यांत काय केले गेले हे उघड असते आणि केव्हाही मागे घेता येते. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. शोभेसाठी असेल तर एआय.

तिसरे, संगणक. एआयची गणिते ग्राफिक्स कार्डावर चालतात. चांगले कार्ड असेल तर एका फोटोला काही सेकंद. नसेल तर काही मिनिटे. एका रात्री हजारभर फोटो होतात. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरले तरी आठ तासांवर काम जाते. म्हणून आधी निवड करावी आणि निवडलेल्या तीसचाळीस फोटोंवरच हे सॉफ्टवेअर चालवावे. काही सॉफ्टवेअर स्वच्छ केलेला फोटो वेगळ्या, मूळ रॉहून मोठ्या फाइलमध्ये साठवतात. हार्ड डिस्कचा हिशेब त्याप्रमाणे ठेवावा.

चौथे, पैसे. काही सॉफ्टवेअर एकदाच विकत मिळतात, काहींची वर्गणी दर महिन्याला भरावी लागते. वर्षातून पाचसहा जत्रा करणाऱ्याने वर्गणीआधी विचार करावा. बहुतेक कंपन्या काही दिवस वापरून पाहू देतात. त्या दिवसांत कंपनीच्या जाहिरातीतले फोटो पाहू नयेत. आपलेच, आपल्याच कॅमेऱ्याचे, आपल्या विषयाचे सर्वांत वाईट तीन फोटो घ्यावेत : एकात काळे कापड, एकात जवळचा चेहरा, एकात जर किंवा मणी. त्यांच्यावर दोन फ्रेमची परीक्षा करावी. पंधरा मिनिटांत जे कळते ते पंधरा परीक्षणे वाचून कळत नाही.

आणि शेवटचे, जपणूक. रॉ फाइल कधीही पुसू नये. सॉफ्टवेअर दर दोनतीन वर्षांनी सुधारते. मूळ नोंद असेल तर उद्याचे चांगले सॉफ्टवेअर आजच्या फोटोला लावता येईल. स्वच्छ केलेला फोटो वेगळ्या नावाने ठेवावा. त्याच्या नोंदीत कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, किती जोर, हे एका ओळीत लिहावे. फोटो कुठे छापायला किंवा संग्रहाला दिला तर ती ओळही सोबत द्यावी. माझ्या संग्रहात आता प्रत्येक मुकुटाच्या दोन फाइली आहेत, एक पाहायची आणि एक मोजायची. कोणती कशासाठी, हे नावातच लिहिलेले आहे. उद्या माझ्या माघारी कोणी मणी मोजायला बसला, तर त्याने चुकीची फाइल उघडू नये.